ट्रेनिंग मोबाईलवर आलं, मग भेटायचं कशाला?

कामावरचं ट्रेनिंग आधी हॉलमध्ये व्हायचं, आता अर्धं मोबाईलवर होतं. याला म्हणतात ब्लेंडेड लर्निंग. आज मी त्यावर बोलणार आहे, पण आयटी कंपन्यांबद्दल नाही. जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजी-बाईंबद्दल.

२१ ऑगस्ट २०१९ ला केंद्र सरकारनं ‘निष्ठा’ सुरू केलं. देशातल्या सुमारे ४२ लाख प्राथमिक शिक्षकांना समोरासमोर प्रशिक्षण द्यायचं होतं. पद्धत साखळीची: वरचे राज्यातल्यांना शिकवणार, ते पुढे तालुक्यातल्यांना. लहानपणी कानगोष्टी खेळलोय ना आपण? पहिल्यानं सांगितलेलं शेवटच्यापर्यंत तसंच पोचलंय असं कधी झालंय का? मग कोविड आला, आणि ऑक्टोबर २०२० पासून हेच प्रशिक्षण ‘दीक्षा’ अ‍ॅपवर गेलं. पुढे लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी निष्ठा ३.० आलं, त्यात १२ कोर्स.

आता आमच्या महाडकडे या. वरंध घाटाच्या रस्त्याला लागलं की बारसगावहून शिवथरकडे वळायचं. सगळीकडे डोंगर, आणि पावसाळ्यात मोबाईलची रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली. जुलै २०२१ च्या महापुरात तर महाड शहरातसुद्धा वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं होतं. मग अशा भागात ऑनलाइन ट्रेनिंग कशाला, असं वाटेल. पण दुसरी बाजू बघा. वाडीवरच्या शाळेत बरेचदा शिक्षक दोनच. त्यातला एक पाच दिवस तालुक्याला गेला, की पहिली ते चौथी दुसऱ्याच्या गळ्यात. म्हणून मोबाईलवरचं ट्रेनिंग मला या खोऱ्यासाठी फायद्याचंच वाटतं. रेंज असेल तिथे व्हिडिओ डाउनलोड करा, नंतर नेटशिवाय बघा. मागे नेऊन परत ऐकता येतो, ही सोय हॉलमधल्या तज्ज्ञात नाही.

अडतं ते पुढे. कोर्सच्या शेवटी प्रश्न असतात, ७० टक्के मिळाले की प्रमाणपत्र. आणि उत्तरं? ती यूट्यूबवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तयार. प्रमाणपत्र येतं, पण वर्गात फरक पडलाय का, हे अ‍ॅपला कळत नाही.

एक उदाहरण घ्या. मुलाला ‘क’ येतो, ‘म’ येतो, काना येतो. पण ‘काम’ एका दमात वाचता येत नाही. त्याच्यासाठी काय करायचं ते व्हिडिओ सांगेल. पण त्याच खोलीत चौथीची पोरं भागाकार करत बसलीत, त्यांचं काय? हे सांगणार शेजारच्या वाडीवरच्या बाई, ज्यांची खोलीही अशीच आहे. त्या भेटतात केंद्राच्या शिक्षण परिषदेत. म्हणून माझ्या मते भेटी कमी करताना लांबच्या कमी कराव्यात, जवळच्या नाहीत. व्हिडिओ आधी बघायचा, पंधरा दिवस वर्गात करून पाहायचं, आणि परिषदेला पोराची वही घेऊन जायचं. तिथे पुन्हा तेच पीपीटी लावलं, तर मात्र सगळं मुसळ केरात.

महाडच्या एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांनाही हेच लागू. नियम स्क्रीनवर वाचता येतात, पण वायुगळतीत घालायचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवणं हातानंच शिकावं लागतं.

तसं शिवथरला हे नवीन नाही म्हणा! इथल्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. सांगणं समोरासमोर, आणि पुढे पोथीच्या नकला गावोगाव.

आता वेळेचं आणि पैशाचं. हॉलमधल्या ट्रेनिंगचा दिवस कामाचा धरतात. मोबाईलवरचं मात्र रात्री, भांडी आवरून झाल्यावर, स्वतःच्या रिचार्जवर. महिन्यातले दोन तास शाळेच्या वेळापत्रकातच यासाठी ठेवले आणि डेटाचा खर्च खात्यानं उचलला, तर उत्तरं शोधायला यूट्यूबवर जाणारे निम्मे तरी कमी होतील, असा माझा अंदाज आहे.