व्यवसायाचा पत्रव्यवहार आणि महापूर
महाड शहर सावित्री नदीच्या काठी वसले आहे. २२ जुलै २०२१ रोजी आलेल्या महापुरात तेथील बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा ठिकाणी व्यवसायाचा सारा पत्रव्यवहार एकाच संगणकात साठविणे धोक्याचे होय. म्हणून ई-मेलचे साधन निवडताना पत्रे कोठे साठविली जातात, हे प्रथम पाहावे.

‘पॉप’ पद्धतीत पत्रे दुकानातील संगणकावर उतरवून घेतली जातात. सर्व्हरवर प्रत राखण्याची सूचना दिलेली नसल्यास तेथील प्रत पुसली जाते. ब्राउझरमधून पाहिलेली पत्रे सर्व्हरवरच राहतात. परंतु इंटरनेट खंडित झाल्यास ती सहसा उघडत नाहीत. पोलादपूरसारख्या डोंगराळ तालुक्यात अतिवृष्टीच्या काळात ही अडचण संभवते. थंडरबर्डसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर ‘आयमॅप’ पद्धतीने वापरल्यास मूळ पत्रे सर्व्हरवर आणि त्यांची प्रत संगणकावर, असा दुहेरी लाभ मिळतो. मात्र एकीकडे पुसलेले पत्र दुसरीकडूनही नाहीसे होते. यास्तव महत्त्वाच्या कागदपत्रांची स्वतंत्र प्रत अन्यत्र, उंचावरील सुरक्षित जागी ठेवावी.

ब्राउझरच्या बाबतीत सुरक्षाविषयक सुधारणा नियमित मिळतात काय, हा मुख्य निकष होय. एकेकाळी सर्वत्र वापरात असलेला इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त करण्यात आला. त्यामुळे वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्यांनी फायरफॉक्स, क्रोम किंवा एज यांची अद्ययावत आवृत्ती वापरणे इष्ट ठरते.

पावसाळ्यापूर्वी दुकानातील माल जसा माळ्यावर हलविला जातो, तशीच पत्रव्यवहाराचीही तजवीज व्हावी. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी याविषयी व्यापाऱ्यांना मार्गदर्शन केल्यास पुढील हानी बऱ्याच अंशी टळेल.