मिशनच्या दारातली मुलं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापासून चालायला लागलं, तर महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातल्या काही फार महत्त्वाच्या जागा हाकेच्या अंतरावर आहेत. बुधवार पेठेत जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, ती भिडे वाड्याची जागा आहे. पुढे गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. रेल्वेने दौंडच्या बाजूला निघालं की पंडिता रमाबाईंचं केडगाव लागतं. तरीही परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांनी अनाथ मुलांसाठी, विधवांसाठी, दुष्काळग्रस्त कुटुंबांसाठी काय केलं, हा विषय शनिवार पेठेत निघाला की बहुतेक वेळा दोनच मतं ऐकू येतात. एक मत म्हणतं, ‘त्यांच्यामुळेच आपण शिकलो.’ दुसरं म्हणतं, ‘पोटाची खळगी भरायचं आमिष दाखवून त्यांनी माणसं बाटवली.’ दोन्ही मतं सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. प्रश्न लहान मुलांचा आणि निराधार बायकांचा होता, म्हणून तरी त्याबद्दल बोलताना नेमकं बोललं पाहिजे.

गैरसमज १ : इंग्रजांचं राज्य आलं आणि सरकारनेच मिशनरी आणून बसवले.

वस्तुस्थिती : १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा लागला आणि त्या राज्याचं संरक्षण पुढे मिशनऱ्यांना मिळालं, हे खरं आहे. पण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्मात हात घातला तर लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, अशी तिला धास्ती होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला होता. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली. पुण्याचा कारभार पाहणारा एल्फिन्स्टनही धर्मप्रसाराच्या बाबतीत सावध होता. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात सुरू झाली ती संस्कृत पाठशाळा, आणि तीही पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून. स्कॉटिश मिशनची माणसं आधी बाणकोट-हर्णैच्या बाजूला काम करत होती. पुण्यात ती १८३० च्या सुमारास आली.

मिशनशी जोडलेली माणसं नेहमी सरकारची तळी उचलत होती, हेही खरं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात आणि छावणीत बायकांची जी आबाळ झाली, तिच्याबद्दल पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रातून उघडपणे लिहिलं. रमाबाईंना ख्रिस्ती होऊन तोपर्यंत चौदा वर्षं होत आली होती.

गैरसमज २ : मिशनरी म्हणजे गोरा साहेब किंवा मडम.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या मिशनरी कामांपैकी एक काम एका मराठी बाईने उभं केलं. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आई-वडिलांनी संस्कृत शिकवलं, कोलकात्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे बायकांसाठी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर हवेत, अशी साक्ष दिली. ‘स्त्रीधर्मनीती’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. तिथे वाँटेज या गावी सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला म्हणून त्यांनी मान तुकवली नाही. चर्चच्या वरिष्ठांशी त्यांनी पत्रांतून अनेक वर्षं वाद घातला. ‘मी माझ्या विवेकाने वागेन’ ही त्यांची भूमिका होती. त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या आणि पांढरं लुगडं त्यांनी सोडलं नाही.

त्या एकट्या नव्हत्या. गुरुबाई करमरकर १८९२ मध्ये अमेरिकेत, आनंदीबाई जोशी शिकल्या त्याच फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या कामात त्यांनी वर्षानुवर्षं रुग्ण तपासले. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी दुष्काळातली अनाथ मुलं आपल्या संसारात सांभाळली. परदेशातून पैसा आणि माणसं आली. पण मुलांना भरवणारे, न्हाऊ घालणारे, अक्षर गिरवायला लावणारे हात बरेचसे इथलेच होते.

गैरसमज ३ : मिशनच्या शाळेत गेलेला माणूस ख्रिस्ती झालाच.

वस्तुस्थिती : जोतीराव फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकन बाईंनी चालवलेल्या मुलींच्या शाळा पाहून त्यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. पण जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. मिशनच्या वर्गातून काहींनी बाप्तिस्मा घेतला, काहींनी आपल्या धर्मात सुधारणा मागितली, आणि बहुसंख्य मुलं लिहायला-वाचायला शिकून आपापल्या घरी गेली.

संपर्काची भीती मात्र खरी होती. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला पुण्याची प्रतिष्ठित मंडळी गेली, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. तिथे चहा दिला गेला. त्याची बातमी छापून आली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्तं घेतली गेली. ज्या शहरात मिशनमधल्या एका पेल्यावर एवढं वादळ उठत होतं, तिथे मुलीला मिशनच्या शाळेत पाठवणाऱ्या बापाला काय सोसावं लागत असेल, याची कल्पना करावी.

गैरसमज ४ : शारदा सदन पहिल्या दिवसापासून धर्मांतरासाठी होतं. किंवा याच्या उलट, रमाबाईंवरचा आरोप निव्वळ कांगावा होता.

वस्तुस्थिती : दोन्ही बाजूंनी कागद तपासावे लागतात. रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं. त्याच्या विक्रीतून आणि व्याख्यानांतून अमेरिकेत मदत उभी राहिली. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं खर्च उचलण्याचं ठरवलं. या पैशातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. संस्थेत धर्म शिकवायचा नाही, विधवा मुलींना आपापले आचार पाळता यावेत, हा ठरलेला नियम होता. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात आली ती या नियमाच्या भरवशावर.

रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि ज्या मुलींना बसावंसं वाटे त्या बसत. ‘मी कोणाला बोलावत नाही, पण आलेलीला हाकलणारही नाही,’ असं त्यांचं म्हणणं होतं. टीकाकारांचं म्हणणं होतं की, जिला जगात दुसरा आधार नाही अशा अल्पवयीन मुलीसाठी आश्रयदातीची प्रार्थना हेच मोठं निमंत्रण असतं. ‘केसरी’ने हा प्रश्न लावून धरला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेलं. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हेही घडलं.

माझं मत असं आहे की, रमाबाईंनी कोणावर सक्ती केल्याचा पुरावा नाही, पण आश्रितेवर आश्रयदात्याचं वजन पडतं, हा टीकाकारांचा मुद्दाही खोडून काढता येत नाही. तो मुद्दा आजच्या प्रत्येक वसतिगृहाला लागू आहे, मग ते कोणत्याही धर्माचं असो.

त्याच १८९३ सालची दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेचा पुनर्विवाह ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, त्या हिंदूच राहिल्या. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापला आणि तो पुढे हिंगण्याला गेला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. मिशनच्या कामाने दिलेला धक्का आणि त्याविरुद्धची चीड, दोन्हींतून पुण्याने आपल्या संस्था घडवल्या.

गैरसमज ५ : दुष्काळात मिशनऱ्यांनी धान्य दाखवून मुलं गोळा केली.

वस्तुस्थिती : १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर होता. पंडिता रमाबाई स्वतः तिथे गेल्या. त्यांचे आई-वडील १८७४ मध्ये अशाच दुष्काळात दगावले होते आणि त्या स्वतः उपाशी रानोमाळ हिंडल्या होत्या. दुष्काळी छावण्यांमध्ये एकट्या पडलेल्या मुलींना पळवून विकणारे लोक टपलेले असत. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या आणि तंबू उभारले. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांतल्या कितीतरी मुली आल्या तेव्हा मरणाच्या दारात होत्या.

ही मुलं कोणी उचलली नसती तर काय झालं असतं, हा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्नही तितकाच खरा आहे. आई-बाप गमावलेलं मूल ख्रिस्ती संस्थेत वाढलं की ते ख्रिस्तीच होणार होतं, आणि त्याची संमती विचारण्याचा प्रश्न तेव्हा कोणाला पडत नव्हता. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, तिथे शारदा सदनासारखा तटस्थतेचा नियम नव्हता. याच काळजीने लाला लजपतराय आणि आर्य समाजाने दुष्काळी भागातून अनाथ मुलं उचलून आपल्या अनाथालयांत नेली आणि लजपतरायांनी १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत, त्यांनी काम उभं केलं. मिशनऱ्यांवर टीका करणाऱ्यांनी हा धडा विसरू नये.

गैरसमज ६ : आश्रितांना फुकटचं खायला घालून कायमचं परावलंबी केलं.

वस्तुस्थिती : केडगावला सुमारे शंभर एकर शेती होती, फळबाग होती, विहिरी खोदल्या होत्या. मुली विणकाम, शिवण, दूधदुभतं, तेलघाणी, छपाई अशी कामं शिकत. अंध बायकांना ब्रेल शिकवलं जाई. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन आणि म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन होतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं केडगावच्या बायकांनी केली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. परदेशी देणग्यांशिवाय हे उभं राहिलं नसतं. पण तिथल्या बायकांच्या श्रमाशिवाय ते टिकलंही नसतं. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे.

गैरसमज ७ : मिशनची संस्था आजही मूल परस्पर परदेशात पाठवू शकते आणि परदेशी पैसा हवा तसा आणू शकते.

वस्तुस्थिती : नाही. ख्रिस्ती असो, हिंदू असो, मुस्लिम असो किंवा निधर्मी, मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेला बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदणी सक्तीची आहे. सापडलेलं किंवा सोपवलेलं मूल बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. अनाथ, सोडून दिलेल्या किंवा समितीकडे सोपवलेल्या मुलांचं दत्तक देशात असो वा परदेशात, ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या प्रक्रियेतूनच होतं. ही प्रक्रिया डावलणं हा गुन्हा आहे आणि मुलाची खरेदी-विक्री केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

परदेशी देणगीसाठी २०१० चा परकीय अंशदान कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एका ठरावीक शाखेतच उतरतो आणि त्यातला २० टक्क्यांहून अधिक भाग प्रशासनावर खर्च करता येत नाही. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने दिला आहे. पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असं २८ वं कलम सांगतं. शारदा सदनाच्या उघड्या दारावरून १८९३ मध्ये जो वाद झाला, त्याचं निदान शाळांपुरतं उत्तर आपल्या घटनेत लिहिलेलं आहे.

मिशनऱ्यांनी मुलं वाचवली आणि धर्मही पसरवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीचा उल्लेख करताना दुसरी झाकणं हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा आहे. एखाद्या संस्थेला देणगी द्यायची असेल किंवा तिच्यावर आरोप करायचा असेल, तर आधी तिची बाल न्याय कायद्याखालची नोंदणी पाहा, परदेशी निधीचा हिशेब मागा, आणि शक्य असेल तर तिथे जाऊन मुलं शाळेत जातात का, पोटभर जेवतात का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि आपल्या गल्लीत, स्टेशनवर किंवा नदीकाठी एकटं, भेदरलेलं मूल दिसलं, तर त्याचा धर्म विचारू नका. १०९८ या क्रमांकावर फोन करा.