चेन्नईहून उत्तरेला, एकट्याने, कॅम्परने

चेन्नईच्या नुंगंबाक्कमहून कॅम्पर घेऊन एकट्याने उत्तरेच्या लहान गावांकडे जायचे, तर वाट नंतर ठरवावी, आधी महिना ठरवावा. त्याचा आधार नुंगंबाक्कममध्येच आहे. हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र इथे आहे आणि ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळाही १७९२ साली इथेच उभी राहिली. चेन्नईत वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत येतो, आणि बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळेही बहुधा याच सुमारास. नोव्हेंबर २०२१मध्ये पेन्ना नदीच्या पुराने नेल्लोरजवळ चेन्नई–कोलकाता महामार्गच बंद पडला. डिसेंबर २०२३मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळ याच वाटेवरच्या बापटलाजवळ किनाऱ्यावर आदळले. मे तर वर्ज्यच. नुंगंबाक्कमला ३१ मे २००३ रोजी पारा ४५ अंशांवर गेला होता. उरतात जानेवारी आणि फेब्रुवारी. तेव्हा रात्री एकवीस-बावीस अंशांपर्यंत उतरतात.

कॅम्परमध्ये या अंशांना फार महत्त्व आहे. बारा व्होल्टच्या, शंभर अँपियर-तासांच्या बॅटरीत जेमतेम १.२ युनिट वीज मावते. छोटा एसी ती तास-सव्वा तासात संपवतो. पंचवीस वॅटचा पंखा मात्र दहा तासांत पाव युनिटच घेतो, म्हणून थंडीच्या दिवसांत टपावरच्या एका सौरपॅनेलवर निभावते. पाण्याचा हिशेबही असाच काटेकोर: शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि तेवढ्यात जपून वापरणाऱ्या एका माणसाचे चार-पाच दिवस निघतात. गॅसवर स्वयंपाक करताना खिडकी उघडी हवीच. बंद गाडीत साचलेला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि एकट्या माणसाला जागे करायला शेजारी कोणी नसते.

रेड हिल्स, गुम्मिडिपुंडी ही कारखान्यांची गावे न थांबता मागे टाकावीत. तडाला आंध्र प्रदेश सुरू होतो आणि साधारण ऐंशी किलोमीटरवर सूळ्ळूरुपेट लागते. खरा मुक्काम इथे. चिल्कानंतरचे देशातले सर्वांत मोठे खाऱ्या-मचूळ पाण्याचे सरोवर, पुलिकत, गावाच्या पूर्वेला पसरले आहे. श्रीहरिकोटाच्या अवकाश केंद्राकडे जाणारा रस्ता त्याच्या मधून जातो आणि दोन्ही बाजूंना उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उभे असतात. रोहित डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून बाहेर टाकतो; बारीक जीव तेवढे आत राहतात. पाणी फार चढले तर हे जमत नाही, म्हणूनही पाऊस ओसरल्यावर जावे. सुमारे वीस किलोमीटर उत्तरेला नेलपट्टूचे अभयारण्य आहे. तिथे तलावाच्या पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर झोळीवाले, म्हणजे पेलिकन, घरटी करतात. पहाटे गाडीतून उतरताच पिल्लांचा कलकलाट ऐकू यावा, यापेक्षा कॅम्परचा चांगला उपयोग दुसरा नाही.

नायडुपेटहून पश्चिमेला फुटणारी वाट श्रीकाळहस्तीला जाते. देवळाइतकीच तिथली कलमकारी पाहण्याजोगी. हिरडा आणि म्हशीचे दूध यांत भिजवून वाळवलेल्या कापडावर, टोकाशी चिंधी गुंडाळलेल्या बांबूच्या काडीने कारागीर हातानेच रेषा काढतो. काळा रंग गंजके लोखंड आणि गूळ आंबवून केलेला असतो. हिरड्याशी गाठ पडली की तो पक्का होतो.

कॅम्परचे खास तळ या वाटेवर क्वचितच. रात्र काढायची ती पेट्रोलपंपावर, देवस्थानाच्या वाहनतळावर किंवा लॉजच्या आवारात, मालकाला विचारून आणि अंधार पडण्याआधी पोहोचून. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावावी, म्हणजे वेळ आलीच तर खाली न उतरता निघता येते. शौचालयाची टाकी सार्वजनिक शौचालयातच रिकामी करायची. पुलिकतच्या काठी मुळीच नाही. १८३०मध्ये मद्रासच्या सुप्रीम कोर्टातले दुभाषी एनुगुल वीरास्वामी उत्तरेला काशीकडे निघाले, ते मोठ्या लवाजम्यासह. पण टप्प्याटप्प्यावर पाणी, दुकाने आणि उतरायची जागा कशी आहे हे त्यांनी नेमाने टिपले. एकट्या प्रवाशानेही अशी वही ठेवावी. परतीला ती नकाशाइतकीच उपयोगी पडते. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुरेत.

नेल्लोर आता मोठे शहर झाले आहे. ब्राझीलमधल्या गोमांसाच्या धंद्याचा कणा असलेल्या ‘नेलोर’ गुरांचे नाव याच गावावरून पडले. मूळ जात पुढच्या ओंगोलची. त्याच्याही पुढे चिराला, विणकरांचे गाव. १९२१ साली नगरपालिका आणि तिचे वाढीव कर लादल्याच्या निषेधार्थ दुग्गिराल गोपालकृष्णय्यांच्या नेतृत्वाखाली इथल्या लोकांनी घरे सोडली आणि गावाबाहेर रामनगर नावाच्या झोपड्यांच्या वस्तीत अकरा महिने काढले. चिरालाच्या मागांवरची कापडे पाहून वोडरेवूच्या किनाऱ्यावर जाता येते. गाडी मात्र वाळूत उतरवू नये. जड कॅम्पर रुतला की एकट्याला काढता येत नाही. डांबरी रस्ता संपतो तिथेच तो उभा करावा.