कालव्यापलीकडचं मोलेनबेक

८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या कोळसा खाणीत आग लागली. २६२ कामगार मेले. त्यांतले १३६ इटलीचे. त्यानंतर इटलीने आपली माणसं बेल्जियमच्या खाणींत पाठवणं थांबवलं. कोळसा तर काढायलाच हवा होता. मग बेल्जियमने माणसं शोधत शोधत १९६४ मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी मजूर-करार केले. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिस दहशतवादी हल्ल्यांनी हादरलं, तेव्हा जगभरचे वार्ताहर हल्लेखोरांच्या मागावर ब्रुसेल्समधल्या मोलेनबेककडे धावले आणि ‘जिहादींचं माहेरघर’ असं त्याचं नाव लावून परतले. १९६४ च्या त्या करारांची चौकशी फार थोड्यांनी केली.

मोलेनबेक ही ब्रुसेल्सच्या १९ नगरपालिकांपैकी एक. शहराच्या मध्यापासून पायी जाता येतं, मध्ये फक्त कालवा. जेमतेम सहा चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ९५ हजार माणसं राहतात. एकोणिसाव्या शतकात इथे इतके कारखाने होते, की लोक त्याला ‘छोटं मँचेस्टर’ म्हणत. पुढे खाणी आणि कारखाने दोन्ही बंद पडले. मोरोक्कोहून बाप ज्या कामासाठी इथे आले, ते कामच मुलांच्या वाट्याला आलं नाही. ज्यांनी आपलं गिरणगाव पाहिलंय, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

मजूर-करारांच्या काळातच आणखी एक व्यवहार झाला. बेल्जियमचे राजे बोदवँ यांनी ब्रुसेल्सच्या एका उद्यानातली प्रदर्शनाची जुनी इमारत सौदी अरेबियाला देऊ केली. १९६९ मध्ये ९९ वर्षांचा करार झाला आणि १९७८ मध्ये तिथे मोठी मशीद उघडली. मोरोक्कोतून आलेल्या मजुरांचा इस्लाम मालिकी परंपरेचा. मशिदीत धर्मोपदेशक मात्र सौदी वळणाचे. तेलाचे संबंध सांभाळताना आपल्याच नागरिकांचं धर्मशिक्षण आपण परक्या सरकारकडे सोपवतो आहोत, हे बेल्जियमच्या ध्यानात यायला २०१८ उजाडलं. तेव्हा करार रद्द झाला. तरीही सगळं खापर या मशिदीवर फोडणं मला सोयीचं वाटतं, खरं नाही. पुढे ज्यांनी बंदुका उचलल्या, त्यांतले बरेच जण मशिदीपेक्षा तुरुंगात जास्त राहिले होते.

पॅरिस हल्ल्याचा सूत्रधार अब्देलहमीद अबाऊद घ्या. बापाचं कपड्यांचं दुकान, मुलाला उच्चभ्रू वस्तीतल्या कॅथलिक शाळेत घातलेलं. मुलगा तिथे टिकला नाही. चोऱ्यामाऱ्या, मग तुरुंग, मग ‘इस्लामिक स्टेट’साठी सीरिया. जाताना १३ वर्षांच्या धाकट्या भावालाही घेऊन गेला. त्याचा साथीदार सालाह अब्देसलाम ट्राम कंपनीत मेकॅनिक होता. भाऊ ब्राहिम याचा मोलेनबेकमध्ये कॅफे होता. तिथे बिअर मिळे, चरस ओढला जाई, आणि अमली पदार्थांवरूनच तो बंद करण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच, १३ नोव्हेंबरला, ब्राहिमने पॅरिसमध्ये स्वतःला उडवून घेतलं. त्या रात्री १३० माणसं मारली गेली, त्यांतली ९० एकट्या बाताक्लाँ नाट्यगृहात.

या पोरांना जोडणारा माणूस होता खालिद झेरकानी. वस्तीत त्याला ‘पापा नोएल’ म्हणत, म्हणजे सांताक्लॉज, कारण तो पैसे आणि भेटवस्तू वाटे. भुरट्या चोरांना तो सांगे, की काफिरांची चोरी म्हणजे पाप नव्हे, युद्धातली लूट आहे. चोराला चोरी न सोडता पुण्यवान होण्याची सोय त्याने करून दिली. हा हिशेब जुन्या धर्मोपदेशकांना कधीच जमला नसता. न्यायालयाने झेरकानीला आधी १२ आणि अपिलात १५ वर्षांची शिक्षा दिली, पण तोवर त्याची पोरं सीरियाला पोहोचली होती.

फ्रान्समधल्या दोन अभ्यासकांचं भांडण इथे आठवतं. जील केपेल म्हणतात, या हिंसेचं मूळ सलाफी या कट्टर धर्मविचारात आहे. जिहादी लेखक अबू मुसाब अल-सूरीने २००५ च्या सुमारास इंटरनेटवर सोडलेल्या ग्रंथात युरोपातल्याच तरुणांनी छोटे छोटे हल्ले करावेत, अशी योजना आधीच मांडली होती. ओलिव्हिए रॉय म्हणतात, ही बंडखोर, विध्वंसाची ओढ असलेली पिढी आहे. तिने इस्लामचा झगा नंतर घातला. दोघांची शिष्यमंडळी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. झेरकानीकडे पाहिलं तर मात्र दोघेही अर्धे बरोबर ठरतात: पोरं रॉय यांची, पुस्तक केपेल यांचं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ७९ युरोपीय जिहादींची माहिती तपासली. निम्म्याहून अधिक आधीच तुरुंगात जाऊन आले होते.

सव्वा कोटीहून कमी लोकसंख्येच्या बेल्जियममधून चारशेहून अधिक तरुण सीरिया-इराककडे गेले. लोकसंख्येच्या मानाने पश्चिम युरोपात हा आकडा सर्वांत मोठा. (आपल्याकडे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले, तर देशभर खळबळ उडाली होती.) सरकारला काही कळत नव्हतं असंही नाही. पॅरिसच्या हल्ल्याआधी मोलेनबेकच्या महापौरांच्या हाती संशयितांची यादी आली होती, तीत अबाऊद आणि अब्देसलाम बंधूंची नावं होती. पण ब्रुसेल्समध्ये महापौर १९ आणि पोलिसांचे विभाग सहा. रात्री नऊ ते पहाटे पाच घरझडती घ्यायला तेव्हा कायद्याने बंदी होती. ढिलाईही होती: ब्रुसेल्सच्या इब्राहिम अल-बाक्रावी याने २०१० मध्ये दरोड्याच्या वेळी पोलिसांवर गोळीबार केला होता. जून २०१५ मध्ये तुर्कस्तानने त्याला सीरियाच्या सीमेजवळ पकडून युरोपात परत पाठवलं. तो मोकळाच राहिला.

२२ मार्च २०१६ रोजी त्याने झावेंतेम विमानतळावर स्वतःला उडवलं, भाऊ खालिदने मालबेक मेट्रोत. ३२ माणसं गेली. पिवळ्या गणवेशातल्या जखमी हवाईसेविकेचं छायाचित्र तेव्हा जगभर छापलं गेलं. त्या मुंबईच्या निधी चाफेकर. मेट्रोत मेलेल्यांत बेंगळुरूच्या एका कंपनीचा भारतीय अभियंता होता, तसंच मोरोक्कन वंशाची एक शिक्षिकाही होती, तीन मुलांची आई.

याच बेल्जियममध्ये, एकाच रेल्वेमार्गावर, फिलव्होर्ड आणि मेखेलन ही दोन छोटी शहरं आहेत. फिलव्होर्डमधून अठ्ठावीसेक तरुण गेले, मेखेलनमधून एकही गेल्याची नोंद नाही. मेखेलनचे महापौर बार्ट सोमर्स यांनी एकीकडे कॅमेरे आणि पोलीस वाढवले, ज्याला डावे नाकं मुरडत. दुसरीकडे नव्या स्थलांतरिताची जुन्या रहिवाशाशी जोडी लावून दिली, ज्याला उजवे हसत. फिलव्होर्डमध्ये महापौर हान्स बोंत यांनी उशिरा का होईना, शाळा, पोलीस, मशीद आणि आईबाप यांना एका टेबलाशी बसवलं. २०१४ नंतर तिथून जाणं जवळजवळ थांबलं. तिथल्याच सालिहा बेन अली. त्यांचा मुलगा साब्री सीरियात मेला. कळवणाऱ्याने फोनवर हुतात्म्याचे आईबाप म्हणून अभिनंदन केलं. पुढे त्यांनी अशाच आयांसाठी संस्था काढली.

या दोन शहरांना हे जमलं, कारण धोका गल्लीत होता. भाऊ भावाला ओढत होता, मित्र मित्राला. जे शेजाऱ्याला दिसतं, ते पोलिसालाही कधीतरी दिसतं, आणि आईला तर सर्वांत आधी.

मार्च २०१९ मध्ये बागूझ पडलं आणि ‘इस्लामिक स्टेट’चा शेवटचा भूभाग गेला. जायला देश उरला नाही, तसे हल्ले घराजवळ आणि स्वस्त झाले: सुरी, गाडी, ट्रक. ऑक्टोबर २०२० मध्ये पॅरिसजवळ शिक्षक सॅम्युएल पाती यांचा खून करणाऱ्या १८ वर्षांच्या पोराने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. पाती यांच्या वर्गात हजरच नसलेल्या मुलीने त्यांच्याविषयी रचलेली थाप समाजमाध्यमांवर फिरली, ती दुसऱ्या शहरात त्याच्यापर्यंत पोहोचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रुसेल्सच्या रस्त्यावर दोन स्वीडिश फुटबॉलप्रेमी मारले गेले. मारेकऱ्याला ट्युनिशियाने मागितलं होतं, तो कागद कार्यालयात पडून राहिला. न्यायमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएन्नात हल्ल्याचा कट उघड झाल्याने टेलर स्विफ्टचे तीन कार्यक्रम रद्द झाले. मुख्य संशयित १९ वर्षांचा. या पोरांना पापा नोएल लागत नाही. त्यांचा गुरू फोनमध्ये असतो, तो एकामागून एक चित्रफिती पुरवत राहतो, आणि त्या फोनवर कुठल्याच महापौराची हद्द चालत नाही.

१५ फेब्रुवारी २०२५ रोजी ऑस्ट्रियातल्या फिलाख शहरात एका २३ वर्षांच्या सीरियन तरुणाने सुरीने १४ वर्षांच्या मुलाला ठार केलं, आणखी काहींना भोसकलं. इंटरनेटवर अल्पावधीत तो कट्टर झाला, असं गृहमंत्री गेरहार्ड कार्नर यांनी सांगितलं. हल्लेखोराच्या अंगावर आपली गाडी घालून हल्ला थांबवणारा खाद्यपदार्थ पोहोचवणारा माणूसही सीरियनच होता. दुसऱ्या दिवशी कार्नर यांनी सीरियन आणि अफगाण आश्रितांच्या घरांची, कुठलाही विशिष्ट संशय नसताना, सरसकट तपासणी करण्याचा प्रस्ताव मांडला.