तिघे, पण एक कसे?

कॅथलिक आणि मॉर्मन (१८३० मध्ये अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी स्थापलेला पंथ) दोघेही पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतात. त्यामुळे दोघांची देवाविषयीची श्रद्धा एकच, असा समज होतो. तो स्वाभाविक आहे, पण बरोबर नाही.

कॅथलिक त्रैक्य (ईश्वरतत्त्व एकच, व्यक्ती तीन) मानतात; इ.स. ३२५च्या नायसिया येथील धर्मपरिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. मॉर्मनांच्या मते तिघे वेगवेगळे आहेत आणि पित्याला हाडामांसाचे शरीरही आहे. त्यांचे ऐक्य एकविचाराने दुकान चालवणाऱ्या तीन भावांसारखे. कॅथलिकांना नेमकी हीच उपमा मान्य नाही. २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला, तो मुख्यतः याच फरकामुळे.