नाव हरवलेली फुलं

2023च्या जूनमध्ये मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, कोलोराडोला गेले होते. तिच्या शेजारच्या आजींना आयरिसच्या फुलांचं भारी वेड! एका रविवारी त्यांनी आम्हाला डोंगरात नेलं. सगळा माळ रखरखीत. गाव कधीच उठून गेलेलं, एका घराचं नुसतं जोतं उरलेलं. आणि त्याच्या पायरीपाशी फिकट जांभळ्या फुलांचा हा एवढा ताटवा!

"रानफुलंच ना ही?" मी विचारलं. आजी हसल्या. तिथल्या रानआयरिसची पानं अरुंद असतात आणि वसंतात ओल धरणाऱ्या कुरणांत ते वाढतं. त्याच्या खाली झुकलेल्या पाकळ्यांवर केसाळ पट्टाही नसतो. इथे तो होता. म्हणजे ही फुलं कुणीतरी हाताने लावलेली. आपल्या हळदीसारखाच याचा कंद असतो. कोरड्यातही तग धरतो आणि तुकडा लावला की तेच झाड पुन्हा उभं राहतं. खाणींच्या दिवसांत इथे संसार मांडलेल्या एखाद्या बाईनेच तो लावला असेल का?

मग सुरू झाली ओळखपरेड! आजींनी दांड्याची उंची मोजली, फांद्या मोजल्या. मला वास घ्यायला लावला, तर चक्क द्राक्षांसारखा! कळीभोवतीचं वेष्टन चंदेरी, कागदासारखं सुकं. "ही पॅलिडा," आजी म्हणाल्या. मूळची युरोपातल्या एड्रियाटिक किनाऱ्याकडची. पण तिचे बागेतले प्रकार पुष्कळ, त्यातला हा नेमका कोणता? 'मादाम शेरो' हे 1844चं फ्रेंच फूल पांढऱ्या पाकळीच्या निळ्या काठावरून चटकन कळतं. सगळ्यांचं तसं नसतं. 1920 साली अमेरिकन आयरिस सोसायटी निघाली, त्याआधी तर एकाच फुलाला अनेक नावं असायची.

आजींनी वहीत जागा, तारीख, वर्णन लिहिलं. नावापुढे मात्र कोरी रेघ. "अंदाजाने नाव लिहिलं, की पुढचे सगळे तेच खरं धरतात," त्या म्हणाल्या. कंद उपटला नाही, फक्त फोटो काढले.

मला आमच्या वस्तीतली एक आजी आठवली. तिच्या पेन्शनचा अर्ज भरायला मी बसले होते. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं. लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं नाव तर तिसरंच! घाईत मीच त्यातलं एक ठोकून दिलं. अर्ज परत आला, चार महिने हेलपाटे तिला पडले. शेवटी मी विचारलं, "आजी, माहेरी काय म्हणायचे तुम्हाला?" ती जरा थांबली, लाजली आणि मग हळूच नाव सांगितलं.

त्या फुलाला विचारायची सोय नव्हती. हिला तर होती! आता अर्ज भरताना मी पेन नंतर उघडते. आधी विचारते.