क्लीनरूमचा दाब आणि अडकलेले बिल

औषध कारखान्यांतील क्लीनरूमची कामे आता लहान कारागिरांपर्यंतही येऊ लागली आहेत. डक्टचे पत्राकाम, पॅनेलच्या भिंती, दरवाजे, एसीची देखभाल अशी ही पोटकंत्राटे असतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम अधिसूचित केले. त्यासाठी मुदत मागणाऱ्या छोट्या-मध्यम कारखान्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सवलत होती, तीही संपली. त्यामुळे अशी कामे वाढतील. पण हवेच्या दाबाचा हिशेब न समजता काम घेणाऱ्याची मेहनत वाया जाते, हे आम्ही पाहिले आहे.

आमच्या ओळखीच्या एका कारागिराने दरवाजे उत्तम बसवले होते. एक दरवाजा फरशीला घासत होता, म्हणून त्याने खालची रबरपट्टी काढून टाकली. तपासणीत खोलीत दाब येईना. ठेकेदाराने बिल अडकवले आणि बिचाऱ्याला आपले काय चुकले हेच कळेना.

दाब काही मशीन तयार करून खोलीत भरत नाही. समजा, खोलीत मिनिटाला १००० घनफूट हवा सोडली आणि ९०० परत ओढून घेतली. उरलेली १०० घनफूट हवा दरवाजाच्या, पॅनेलच्या, पाइपांच्या फटींतूनच बाहेर पडणार. फटी अरुंद असल्या की तिला बाहेर पडताना अडथळा होतो आणि त्यातून खोलीत दाब राहतो. सगळ्या फटी मिळून एका पोस्टकार्डाएवढ्या भरत असतील, तर या हवेवर साधारण १५ ते २० पास्कल दाब टिकतो. त्याच फटी दोन पोस्टकार्डांएवढ्या झाल्या की दाब निम्मा होत नाही, चौथाईवर येतो! रबरपट्टी काढल्याने घडले ते हेच.

पास्कल हे माप फार लहान आहे. १० पास्कल म्हणजे नळीतले पाणी जेमतेम एक मिलिमीटर वर चढवणारा दाब. तरीही निर्जंतुक औषधांसाठी युरोपच्या २०२२ च्या नियमांत वेगवेगळ्या दर्जाच्या शेजारच्या खोल्यांमध्ये किमान १० पास्कलचा फरक मागितला आहे. इतक्या दाबाने हवा सतत स्वच्छ खोलीतून कमी स्वच्छ खोलीकडे वाहते आणि धूळ उलट आत शिरत नाही.

मात्र प्रत्येक खोलीत दाब जास्तच हवा, असे समजू नये. गोळ्यांची पावडर उडते ती खोली बाहेरच्या पॅसेजपेक्षा कमी दाबाची ठेवतात, म्हणजे एका औषधाची धूळ दुसऱ्यात मिसळत नाही. पेनिसिलिनच्या बाबतीत तर ही काळजी फारच कडक असते. म्हणून दरवाजा लावण्याआधी कोणती बाजू जास्त दाबाची आहे, हे नकाशावर लिहून घ्यावे. दरवाजा शक्यतो जास्त दाबाच्या बाजूला उघडावा, म्हणजे हवाच त्याला चौकटीवर दाबून धरते. एक मीटर रुंद, दोन मीटर उंच दरवाजावर १५ पास्कलने सुमारे तीन किलोचा जोर येतो. दरवाजा उलट लावला, तर हाच जोर त्याला ढकलून उघडू पाहतो आणि क्लोझर कमजोर असला की फट राहते.

दरवाजा उघडताच दाब जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच मध्ये दोन दरवाजांची छोटी खोली, म्हणजे एअरलॉक, ठेवतात. तिचे दोन्ही दरवाजे एकाच वेळी उघडता कामा नयेत. इंटरलॉक बसवणाऱ्याने हे स्वतः तपासावे.

दाब कमी दिसला की मेकॅनिक परतीच्या हवेचा डँपर आवळतो. काटा वर चढतो खरा, पण फट तशीच राहते, शिवाय शेजारच्या खोलीचा हिशेब बिघडतो. आधी फट शोधावी. खोली साफ करून ताब्यात देण्यापूर्वी अगरबत्तीचा धूर सांध्यांजवळ धरला तर गळती चटकन दिसते.

पुढे काही महिन्यांनी फिल्टर चोंदले की आत येणारी हवा घटते आणि दाब उतरतो. त्याचा दोष दरवाजेवाल्याच्या माथी मारला जाऊ नये म्हणून काम सोपवताना सर्व दरवाजे बंद करून गेजचे आकडे तारखेसह लिहावेत आणि ठेकेदाराची सही घ्यावी. सांध्यांत सिलिकॉन भरणे कोणाच्या माथ्यावर, हेही कोटेशनमध्येच लिहिलेले बरे. आमच्या त्या कारागिराने नवी पट्टी स्वतःच्या खर्चाने लावली. त्याच्याकडे असा एकही कागद नव्हता.